तुमची नाली पास झाली

नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात किस्से शोधायला जावं लागत नाही. हजेरीच्या वेळी एक घडतो, चहाच्या वेळी दुसरा, आणि साहेब जागेवर नसले की तिसरा. रिटायर होणारा माणूस खुर्ची सोडतो, किस्से तिथेच ठेवून जातो. खाली देतोय ते सगळे एकाच कामाचे आहेत, म्हणून एका दमात सांगून टाकतो.

ज्या दिवशी बातमी आली तो साधा मंगळवार होता. टेबलावर पेपर पसरून मी डबा खात होतो. वांग्याची भाजी माझ्याच हातची, मीठ जास्त झालेली. वरच्या मजल्यावर सर्वसाधारण सभा चालू होती. आमचा मुकादम राठोड जिना उतरता उतरताच ओरडला, "साहेब, तुमची नाली पास झाली!"

करवसुलीच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं, "कोणत्या क्लासात?"

प्रस्ताव माझा होता. गावातल्या मोठ्या नाल्यांचं सांडपाणी दर आठवड्याला नागपूरच्या एका लॅबकडे पाठवायचं. कावीळ, कॉलरा, असले रोग दवाखान्यात दिसण्याआधी नालीत दिसतात, कारण माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो, संडासला रोज जातो. खर्च नगरपरिषदेच्या फंडातून, एका वर्षापुरता.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात गावात काविळीची साथ आली होती. साथ आहे असं जाहीर झालं, तेव्हा माझी बायको सुनंदा जाऊन आठवडा उलटला होता. प्रस्तावात हे कुठे लिहिलं नव्हतं. सभेत सगळ्यांना माहीत होतं.

* * *

सभेत काय झालं ते राठोडनेच सांगितलं. आमच्या वार्डाचे नगरसेवक गावंडे उभे राहिले. माझ्याच गल्लीत राहतात, आवाज मोठा, मन बरं. म्हणाले, "आजवर आपण नालीतली घाण काढाले पैसे देत होतो. आता घाण पाहाले बी द्यायचे काय?"

अध्यक्षाताई शांतपणे म्हणाल्या, "गावंडेभाऊ, मागच्या महिन्यात तुम्ही नागपूरले सगळ्या तपासण्या करून आले. डॉक्टरनं काय पाह्यलं मग? चेहरा?"

ठराव मंजूर!

* * *

पहिलं सॅम्पल घ्यायला आम्ही गेलो तेव्हा अर्धी गल्ली जमली. राठोडच्या हातात हातमोजे, तोंडाला मास्क, लांब काठीला बांधलेली बाटली. एकाने विचारलं, "कोणाचा खून झाला काय?" दुसऱ्याने खात्रीने सांगितलं की कोणाची तरी सोन्याची पोत पडली असणार.

एक आजी ओट्यावर बसून सगळं बघत होती. बाटली भरली, झाकण लागलं, बर्फाच्या डब्यात गेली. आम्ही निघालो तशी आजी कडाडली, "काहून रे, एवढीच? वर्षभर नाली काढाले येत नाही, अन् आले तर बाटलीभर काढून चालले!"

राठोड म्हणाला, "आजी, हे सॅम्पल आहे. पसंत पडलं तर बाकीचं नेऊ."

* * *

डबा एसटीने जायचा. पहिल्या वेळी राठोडला सोबत पाठवलं. मी त्याला बजावलं होतं, डबा सरळ धर, हलवू नको. कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय आहे?" राठोड खोटं बोलत नाही. "नालीचं पाणी."

"नागपुरात नाल्या नाहीत काय? इथून कायले नेता?"

गाडी कळंबला थांबली. चिंतामणीचं दर्शन घेऊन एक मावशी चढली आणि राठोडशेजारी बसली. बघते तर हा माणूस डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलेला, खड्डा आला की श्वास रोखणारा. तिने डब्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग विचारलं, "कुठलं तीर्थ आहे, दादा?"

राठोड मला म्हणाला, "साहेब, नमस्कार करून झालता तिचा. आता काय सांगू? म्हनलं, आमच्या गावचं आहे, मावशी."

* * *

सुरुवातीला कोणत्याच नगरसेवकाला आपल्या वार्डाची नाली द्यायची नव्हती. "माह्या वार्डात रोग निंगला तर पोरींची लग्नं कोण जमवंल?" असं एकाने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं. दुसऱ्याने नम्रपणे शेजारच्या वार्डाचं नाव सुचवलं. शेजारच्यानेही त्याचंच सुचवलं.

तेवढ्यात कुठूनशी अफवा उठली की जिथे सॅम्पल घेतील तिथे नवीन पाइपलाइन आधी पडणार. अफवा माझी नव्हती. राठोडला मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडण्याआधी चारजण दारात. सगळ्यात पुढे गावंडे. "मोहरीलभाऊ, आपल्या वार्डासारखी घाणेरडी नाली अख्ख्या जिल्ह्यात नाही. उमरखेड पाहा, ढाणकी पाहा, कुठंबी पाहा. मी लेखी देतो!"

* * *

मग जिल्ह्याहून साहेब लोक काम बघायला येणार असं कळलं. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की एकच रीत आहे. नाली खरवडायची, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पावडरीची ओळ मारायची आणि उरलेली पावडर आत ओतायची. याला कोणाचा आदेश लागत नाही. कामगारांचे हातच तसे वळलेले आहेत.

मी त्या दिवशी रजेवर होतो. सुनंदाचं वर्षश्राद्ध होतं. दुसऱ्या दिवशी आलो तर नाली चकाचक, सॅम्पलच्या जागेभोवती रांगोळी, आणि साहेबांसमोर बाटली भरून गाडीला रवानाही झालेली!

रिपोर्ट आला. कशाचाही मागमूस नाही. ताईंनी ऑफिसात पेढे वाटले. "मोहरीलभाऊ, तोंड गोड करा. आपलं गाव निरोगी निंगलं." मी पेढा हातात घेतला आणि लॅबच्या मॅडमचा फोन आला.

"सर, एक विचारू? तुम्ही चुकून नळाचं पाणी तर पाठवलं नाही ना?"

"नाही मॅडम. नालीचंच."

"मग सर, तुमच्या गावात नळाचं पिऊ नका. नालीचं प्या."

मी राठोडला बोलावलं. पावडरीने रोगाचे जंतू मरतात आणि मग तपासायला काही उरत नाही, हे समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे साहेब, आता नाली घाण ठेवाची, असा आदेश आहे?"

"सॅम्पल घेईपर्यंत."

"मग तर हे काम आपण लई वर्सांपासून करून राह्यलो."

यात हसण्यासारखं होतं तेवढं मी हसलो. पण गावंडे तो रिपोर्ट खिशात घालून फिरू लागले. रोगच नाही तर पुढच्या वर्षी पैसे कशाला ठेवायचे? बोलणं चुकीचं नव्हतं. तपासणी बंद पडली असती तर पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा दवाखान्यातल्या खाटा मोजत बसलो असतो. त्या खाटा मी पाहिल्या आहेत.

* * *

पावसाने जोर धरला आणि मॅडमचा पुन्हा फोन आला. या वेळी विनोद नव्हता. आमच्याच वार्डाच्या नालीत काविळीचा विषाणू निघाला होता. दवाखान्यात अजून एकही पेशंट नव्हता.

मी आणि राठोड नालीच्या कडेने चालत निघालो. घराघरांत जाणारे नळाचे पाइप नालीतूनच गेलेले. जिथे जिथे गळत होतं, तिथे सायकलची ट्यूब गुंडाळलेली. नळ सुटला की पाइपातलं पाणी नालीत, नळ गेला की नालीतलं पाणी पाइपात. एक जोड माझ्या घरासमोरचाही होता. राठोडने सगळ्यात आधी तो दुरुस्त केला.

टाकीत क्लोरीन वाढवलं, जोड बदलले. पाणी उकळून प्या, हे घंटागाडीवरून ओरडायला गावंडे स्वतः माइक घेऊन उभे राहिले. "माह्या वार्डातल्या मायबहिनींनो, उकळा! चहाले पाणी उकळता ना? तसंच उकळा, फक्त पत्ती टाकू नका!"

पावसाळा संपला. साथ आली नाही.

* * *

आणि मग पुढच्या वर्षाच्या मंजुरीची सभा. या वेळी मला वर बोलावलं होतं. राठोड दाराशी उभा.

गावंडे उठले. "अध्यक्षाताई, मले एक सांगा. आपण वर्षभर नाली तपासली. साथ आली काय? नाही आली. एक माणूस गेला काय? नाही गेला. मग एवढे पैसे कायले लागले?"

दारातून राठोड म्हणाला, "गावंडेसाहेब, पाहिजे असंल तर पुढच्या वर्षी येऊ देतो!"

सभागृह हसलं. ताई हसल्या. मुख्याधिकारी पेन खाली ठेवून हसले. गावंडेही हसत होते. हसता हसता त्यांची नजर माझ्याकडे गेली. ते खाली बसले.

"लिहा," ते म्हणाले. "सूचक म्हणून माह्यंच नाव लिहा."

तपासणी पुढच्या वर्षासाठी मंजूर झाली. त्याच्या खालचा विषय नळाचे पाइप नालीतून वर उचलण्याचा होता. तो घ्यायला वेळ उरला नाही.

त्यानंतरही सभा झाल्या. पाइप अजून नालीतच आहेत.