मेई-चिन मावशींचा नसलेला नातू

मेई-चिन मावशी आमच्या समोरच्या दारात राहतात. भाताचे डबे विकून त्यांनी नवऱ्याचं आजारपण काढलं, मुलीला शिकवलं. पुढे नवरा गेला, मुलगी दूर दक्षिणेला काओशुंग शहरात नांदायला गेली, डब्यांचं दुकान भाड्याने दिलं, आणि मावशींच्या हातांना कामच उरलं नाही. मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या आधी पत्ते खेळू लागल्या, मग राक्षस मारण्याच्या खेळाकडे वळल्या. तिथे चौघांची टोळी जमली. बाकीचे तिघे कोण, कुठले, माहीत नाही. मावशी तिथे अक्षरही बोलत नसत, नुसत्या लढत. पण मोठा राक्षस आला की त्यांचा कॉम्प्युटर अडकायचा, टोळी मरायची आणि पडद्यावर शिव्यांचा पाऊस पडायचा.

शेवटी, सुटे भाग निवडून आपल्या मनासारखा नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा असं ठरवून त्या क्वांगहुआ या कॉम्प्युटरच्या बाजारात फांगच्या दुकानात गेल्या. हे सगळं त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, तेही दाराला कडी लावून.

"बोला मावशी, कोणासाठी?" फांगने विचारलं.

मागे कॉलेजची पोरं उभी होती. साठी उलटलेल्या बाईने स्वतःसाठी म्हणायचं कसं?

"नातवासाठी."

"नाव काय त्याचं?"

"पो-हान," मावशी म्हणाल्या. मुलीला अजून मूल नव्हतं.

"कोणता खेळ खेळतो?"

मावशींनी खेळाचं नाव सांगितलं आणि बोलण्याच्या भरात पुढे म्हणाल्या, "शेवटच्या किल्ल्यात शिरलं की चित्र तुटक तुटक दिसतं. तेवढं थांबायला हवं."

फांग हसला. "नातू आजीला सगळं सांगतो वाटतं! मग प्रोसेसर मधला घेऊ, रॅम भरपूर टाकू, आणि खरा पैसा ग्राफिक्स कार्डात घालू. चित्र तेच काढतं."

"पंखा आवाज करणारा नको."

"बरं. कॅबिनेट काचेचं? आत रंगीत दिवे?"

मावशींना दिवे फार हवे होते. "त्याला आवडतात," त्या खाली बघत म्हणाल्या.

"मग त्यालाच घेऊन या की. रंग त्याचा तो निवडेल."

"त्याला येता येत नाही."

"का?"

पुढचं काही ठरलेलंच नव्हतं. "पाय," त्या म्हणाल्या.

फांगचं हसू गेलं. त्याने हळूच विचारलं, "हात चालतात ना?"

"एकच."

हे आपण का म्हणालो, ते मावशींना आजही सांगता येत नाही. फांगने हातातला पेचकस खाली ठेवला. त्याचा धाकटा भाऊ यी-फान लहानपणापासून अंथरुणाला खिळलेला होता, आणि त्याचाही एकच हात चालत होता. त्या दिवसांत चांगली कार्डं मिळत नव्हती. भावासाठी बाजूला ठेवलेलं एक कार्ड होतं, तेच फांगने कपाटातून काढलं.

"हे पो-हानला. यी-फान थांबेल, मी सांगतो त्याला."

"नको, नको हो."

"मावशी, घरात पडून राहणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको."

खरं सांगून टाकायची वेळ हीच होती. मावशींनी नुसती मान डोलावली आणि त्या घरी आल्या.

कॉम्प्युटर न्यायला त्या पुन्हा गेल्या, तेव्हा फांगने त्यासोबत आणखी एक खोकं दिलं. आत कीबोर्ड. लागणारी सगळी बटणं एका बाजूला आणून बसवलेली, मधोमध बोट ठरावं म्हणून रबराचा तुकडा चिकटवलेला.

"यी-फानने स्वतः केलाय," फांग म्हणाला. "बरेच दिवस त्यात गुंतला होता. तोही हाच खेळ खेळतो. पो-हान तिथे कधी भेटणार, म्हणून रोज विचारतो."

मावशींनी ती खोकी टॅक्सीत घातली. घरी कॉम्प्युटर टेबलावर मांडला, पण चालू करायला हात उठेना. "त्या कीबोर्डवर मी टॉवेल टाकून ठेवला गं," त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं परत घेऊन त्या दुकानात उभ्या राहिल्या. "मालक, नातू नाहीये. कधीच नव्हता. मीच खेळते."

फांगला आधी कळेचना. कळलं तसा त्याचा चेहरा लाल झाला. "स्वतःसाठी मागितलं असतं तर मी हसलो असतो? आज्या येतात माझ्याकडे! पण लुळा पोरगा कशाला उभा केलात?"

"लाज वाटली."

"आणि असं खोटं बोलायची नाही वाटली?"

गिऱ्हाईकं बघत होती. फांगने भावाचं कार्ड काढून घेतलं, साधं बसवलं आणि म्हणाला, "यी-फानला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

कीबोर्डचं खोकं घेऊन मावशी गेल्या. दुकानामागच्याच गल्लीत दोघा भावांचं घर होतं. यी-फान चांगला बाप्या माणूस निघाला, चष्मा लावलेला, उशीला टेकून बसलेला. मावशींनी दारातूनच सांगितलं. आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही.

त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं, माझ्यासारखं कुणीतरी सापडलं."

 मावशी माफीसाठी कमरेत वाकल्या आणि तशाच राहिल्या. "कीबोर्ड ठेवा इथे, दुसऱ्या कुणाला होईल," असं तो म्हणाला, तेव्हा त्या सरळ झाल्या.

कॉम्प्युटर आता चालतो, किल्ल्यातही अडकत नाही. त्या दिवशी यी-फानने त्यांचं खेळातलं नाव विचारून घेतलं होतं; कधीमधी तो त्यांच्या टोळीत येतो. "डावीकडे," "मागे व्हा," एवढंच बोलतो. खेळ संपला की लगेच निघून जातो. त्याने एकदाही त्यांना मावशी म्हटलेलं नाही, आणि त्यांनीही ती अपेक्षा ठेवलेली नाही. तो आला की त्या खुर्चीत जरा सावरून बसतात आणि त्याच्या आधी मरू नये म्हणून जिवाच्या आकांताने लढतात.