माझ्या गिलासात कोणी पाणी ओतलं नाही

त्याने स्टीलचा गिलास माझ्या तोंडावर हाणला. पाण्यासकट. भुवईवरची कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. मग केस धरून त्याने मला ग्रामपंचायतीच्या पडवीतल्या खांबावर आपटलं. बायका बसल्या होत्या त्या बसूनच राहिल्या.

"आमच्या सुनेचं पानी घेऊन राहिली? पायरी इसरली काय?"

पुढे जातीचं नाव घेऊन शिवी. ती मी पोलीस ठाण्यात शब्दन् शब्द सांगितली आहे. इथे पुन्हा सांगून तोंड खराब करत नाही.

हा सरपंचबाईचा नवरा. सही बाईची, गाव याचं. त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मी दहा वर्षं रोवणी केली. माझ्या हाताने रोवलेल्या धानाचा भात तो दोन्ही वेळा खातो. माझा हात चालतो. हातातलं पाणी चालत नाही.

मी तिथे एचआयव्हीबद्दल सांगायला गेले होते. माझी थोरली बहीण त्याच आजाराने गेली. दवाखान्याच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. मी तरी कुठे, चौथी शिकलेली. ती गेल्यावर मी एका संस्थेच्या कामाला लागले. आम्ही भाषण देत नाही. चित्रांचे पुठ्ठे मांडतो, विचारतो, बायकांना बोलू देतो. आणि शेवटी गिलासांचा खेळ.

खेळ साधा. दहा गिलास. नऊ गिलासांत पाणी, एकात चुन्याची निवळी. दिसायला सारखंच. कोणाला कोणता आला ते वाटणाऱ्यालाही ओळखता येत नाही. प्यायचं नाही. तिघांशी थोडं थोडं पाणी बदलायचं, एवढंच. मग प्रत्येक गिलासात हळद. चुना पोचला तिथे लाल, नाही पोचला तिथे पिवळं. वरून काही दिसत नाही, तपासल्याशिवाय कळत नाही, हे अंगठेबहाद्दराच्याही ध्यानात येतं.

रोवणी नुकतीच आटोपली होती. आठ बायका आल्या. नववा तो, पाहुणा म्हणून खुर्चीवर. एक माणूस कमी पडलं म्हणून दहावी मी बसले. तिघांशी बदलायचं सांगितलं होतं, पण मोठेपणा दाखवायचा होता ना. तो हसत हसत आठही जणींच्या गिलासात ओतत फिरला. माझ्यापाशी आला आणि वळला. मग बायकाही वळल्या. एकीने तर पदराने गिलास झाकला. हिच्याच शेजारी वाकून मी किती हंगाम रोवलं असेल.

मी भरला गिलास धरून बसले. लाज वाटली. चाळिशीच्या बाईला, स्वतःच मांडलेल्या खेळात.

तेवढ्यात त्या आठ जणींतली त्याची सून माझ्याकडे सरकली. सातवा महिना. नवरा ट्रकवर, रायपूरकडे, दोन-दोन महिने घराचं तोंड पाहत नाही. ती म्हणाली, "मावशी, तुमच्यात कोनीच नाही टाकलं. मी टाकू?" तिने गिलास तिरपा केला. थेंब पडायच्या आत तो उठला. माझ्याच हातातला गिलास हिसकून त्याने मला मारलं.

खांबापाशी पडले तेव्हा 'चुकलं, मालक' हे शब्द तोंडात आले होते. दहा वर्षांची सवय. मग चेपलेला गिलास दिसला. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. कशाचं चुकलं? कोणाचं चुकलं? माझ्या आत काहीतरी पेटलं आणि मी उठले. हळदीची वाटी घेतली.

"खेळ बाकी आहे," मी म्हणाले. "हळद टाकल्याबिगर कोनी उठू नका."

तो बघतच राहिला. मार खाल्लेली बाई रडते, पळते, एवढंच त्याला ठाऊक. मी आधी माझ्या गिलासात टाकली. पिवळी. मग एकेकीच्या. लाल. लाल. लाल. शेवटी त्याच्या खुर्चीजवळच्या गिलासात टाकली. सगळ्यांत गडद, कुंकवासारखा. निवळी त्याच्याकडेच होती आणि त्यानेच ती घरोघरी वाटली होती.

लाल म्हणजे पाप नव्हे, हे शिकवणं माझं काम. तरी त्याचा गिलास पाहून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. मग सुनेचा लाल गिलास पाहिला आणि तो आनंद जिरला. खेळ तो खेळच, पण तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचे ते दोन-दोन महिने उभे राहिले असावेत. पोटावर हात ठेवून तिने हळूच विचारलं, "मावशी, मले तपासता येईल का?" उत्तर द्यायच्या आत त्याने दंडाला धरून तिला ओढत नेलं.

मला पाच टाके पडले. संस्थेचे साहेब म्हणाले, पुढच्या वेळी पाण्याऐवजी मणी वापरा, आणि तुम्ही खेळात बसू नका, उभ्यानेच समजावून सांगा. मी म्हणाले, पाणीच. आणि मी बसणार.

पंधरा दिवसांनी तो आमच्या टोलीत, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, आला. जन्मात पहिल्यांदा. हातात काठी.

"केस मागं घे. अन् आमची सून तपासाले गेली होती असं लोक म्हनते. काय निघालं?"

"सुनेले विचारा. माझ्या तोंडून शब्द निघनार नाही. केसबी मागं येनार नाही."

त्याने काठी उचलली. मी कपाळावरचे केस बाजूला केले. "मारायचं तर इथंच मारा. टाक्याचे वण ताजे आहेत. एका केसच्या दोन होतील."

त्याने न मारताच काठी खाली घेतली. मी मालक म्हटलं नव्हतं, हे तो गेल्यावर लक्षात आलं.

सून गेली की नाही, गेली तर काय निघालं, हे मी तुम्हालाही सांगणार नाही. ते तिचं आहे. त्याची मान गावात खाली घालायला कदाचित एक शब्द पुरला असता, आणि माझा राग काही विझलेला नाही. त्याला मी कोर्टात पाडीन. तिच्या पोटावर पाय देऊन पाडणार नाही.

येत्या बुधवारी त्याच पडवीत खेळ आहे. चेपलेला गिलास मी बदललेला नाही. यापुढे पहिलं पाणी त्यात पडेल, प्रत्येकाच्या हातून. ज्याला चालत नाही त्याने उठून जावं. मी उठणार नाही.