ठकूबाईंच्या डोळ्यातली कडी

नगरहून सकाळी सहाला निघालो तेव्हा गाडीत दोघंच होतो, नगरचे डोळ्यांचे डॉक्टर मुजावर आणि मी. डॉक्टर गाडी चालवत होते, माझ्या मांडीवर तपासणीच्या दिव्याची पेटी होती. राजूरच्या वर एका वाडीत राहणाऱ्या ठकूबाई दोन महिने तपासणीला आल्या नव्हत्या आणि महिनाभर फोनही उचलत नव्हत्या, म्हणून निघालो होतो.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जे कृत्रिम भिंग बसवतात, त्याला दोन बारीक वाकडे हात असतात. काचबिंदूचं औषध भरलेला, तांदळाच्या कणीहून लहान तुकडा त्यातल्या एका हाताला अडकवला, की औषध कित्येक महिने आतल्या आत झिरपत राहतं. रोज थेंब टाकावे लागत नाहीत. पण तुकडा सुटला तर डोळ्यात फिरतो, आणि समोरच्या पारदर्शक पडद्याला आतून इजा करू शकतो. म्हणून त्याला धरून ठेवणारी कडी लागते. ती कडी मी केली आहे. चाचणीत ज्या मोजक्या लोकांच्या डोळ्यांत ती बसवली, त्यांपैकी कुणालाही मी तोवर भेटले नव्हते.

लोणीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे तासभर गेला. अकोले सोडल्यावर रस्ता चढू लागला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं (बांध घातलेली शेतं) पायऱ्यांसारखी उतरत होती आणि त्यांच्यामागे निळसर डोंगर. राजूरला बाजार भरला होता. डॉक्टरांनी उतरून पेढे घेतले. पेशंटच्या घरी रिकाम्या हाताने जाणं त्यांना बरं वाटेना. पुढे आम्ही भलत्याच वाडीत शिरलो. तिथल्या एका म्हाताऱ्याने ठकूबाई खळ्यावर, म्हणजे मळणीच्या सारवलेल्या जागेवर, असतील असं सांगून आम्हाला माघारी वळवलं.

ठकूबाई खळ्यावर भात झोडत होत्या. साठीच्या, काटक. डॉक्टरांना पाहताच हातातली पेंढी तशीच धरून उभ्या राहिल्या. डावा डोळा काचबिंदूने कायमचा गेलेला. मुलगा-सून मजुरीला नारायणगावकडे असतात, हात थरथरतो, थेंब गालावर पडायचे. त्यातच तो डोळा गेला, हे मला डॉक्टरांनी वाटेत सांगितलं होतं.

आल्या आल्या तपासू द्यायला त्या तयार होईनात. आधी जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, घेवड्याचं कालवण, नव्या तांदळाचा चिकट, गोडसर भात. जेवताना त्या पावसाचं बोलल्या, रानडुकरांनी केलेल्या नासाडीचं बोलल्या. डोळ्याचा विषय आला की उठून काहीतरी वाढायला जात.

शेवटी डॉक्टरांनी उजव्या, तुकडा बसवलेल्या डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध घातलं आणि अर्ध्या तासाने आतल्या अंधाऱ्या खोलीत दिवा लावला. बराच वेळ पाहिलं. मग दिवा माझ्या हातात दिला.

जो तुकडा मी आजवर फक्त प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, तो एका जिवंत डोळ्यात, हलत्या बुबुळामागे दिसला. तो भिंगाच्या हातावर, मागे लपलेला असायला हवा होता. घसरून भिंगाच्या कडेशी आला होता. कडी एका बाजूने उघडली होती.

"सावली दिसते का, मावशी?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "महिना झाला. नखाएवढी. डाक्तरांनी वझं उचलू नका म्हनलं व्हतं, बाई. मी पेंढ्या वाहिल्या डोक्यावर. माझ्याच हातानं बिघडलं. आता तुमी काढून न्याल, म्हनून फोन घेतला न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. "पेंढ्यांनी नाही झालं," मी म्हणाले. "ती कडी मी केलीय. तीच कमी पडली. चूक माझी."

त्यांनी उजव्या डोळ्याने मला नीट न्याहाळलं. "महिनाभर मी मलाच बोल लावीत बसले," त्या हळूच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

शेजारणीला खळ्यावर लक्ष ठेवायला सांगून त्या आमच्याबरोबर नगरला निघाल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तुकडा काढला. समोरचा पारदर्शक पडदा शाबूत होता, नजर वाचली. थेंब मात्र पुन्हा सुरू झाले. रोज संध्याकाळी ते घालायचं शेजारणीने फोनवर कबूल केलं, आणि डॉक्टरांनी दिवसाला एकदाच लागेल असं औषध निवडलं.

निरोप घेताना मी त्यांना सांगितलं, की कडी नव्याने करणार आहे.

"करा की," ठकूबाई म्हणाल्या. "पर पयली मी न्हाई."

नगरहून एकटी पुण्याला परतताना सुप्याच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली आणि चाचणीतल्या बाकीच्या लोकांची यादी डॉक्टरांकडून फोनवर मागवून घेतली. त्यांच्यातही कुणीतरी सावली लपवत असेल, आणि त्याचा दोष स्वतःच्या हातांना, ओझ्याला, नशिबाला देत असेल. माझी कडी किती ताण सोसते याची मोजमापं मी वर्षानुवर्षं केली होती. ती तुटली तर माणूस स्वतःला काय म्हणेल, हा विचार एकदाही केला नव्हता. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी पहिला नंबर लावला.