एकाच गाडीची अंत्ययात्रा

मिस झेल्माचे केस मी कित्येक वर्षं दर शुक्रवारी सकाळी सेट करत आलेय. त्यामुळे एका मंगळवारी संध्याकाळी ती मागच्या दारानं माझ्या पार्लरमध्ये घुसली, आतून कडी लावली आणि म्हणाली, "ट्रूडी, उद्या सकाळी घरी येऊन माझे केस कर. कोणाला बोललीस तर तुझं तोंड बघणार नाही," तेव्हा मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. बुधवारी केस? आमच्या कोकर बेंडमध्ये बाईनं केसांचा वार बदलला, तर दुपारच्या जेवणापर्यंत गावानं त्याचं कारण शोधून काढलेलं असतं. सापडलं नाही तर बनवलेलं असतं.

"डॉक्टरकडे जायचंय का तुम्हाला?" मी घाबरत विचारलं.

"लग्न करतेय," ती म्हणाली. "वेकलीच्या कोर्टात. रेफर्ड टीलशी."

मी ड्रायरखालच्या खुर्चीत मटकन बसले. मग उठून तिला घट्ट मिठी मारली आणि आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसत सुटलो, कारण शेजारच्या टायरच्या दुकानात आमचं सगळं ऐकू जातं.

मिस झेल्मा म्हणजे होइट पॅजेटची बायको; 'मिस' आमच्याकडे मोठ्या बाईला मानानं म्हणतात, लग्न झालेलं असलं तरी. होइटला जाऊन बारा वर्षं झाली तरी गावात तिची ओळख हीच. तिची सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. गावातला पन्नाशीच्या आतला एकही माणूस तिच्या हातचं खाल्ल्याशिवाय मोठा झालेला नाही, त्यामुळे ती प्रत्येकाला आपल्या मालकीची वाटते. होइट अंथरुणाला खिळला तेव्हा या गावाची माया मी डोळ्यांनी बघितली. अंगणातलं गवत कोण कापून जायचं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. उशाशी बसायला लोकांनी आपापसात पाळ्या लावल्या. फ्रीजमध्ये इतकं अन्न साठलं की औषधाची बाटली ठेवायला जागा उरेना. मी अटलांटात दोन वर्षं काढली आहेत. तिथे मी आजारी पडले तेव्हा शेजारीण लिफ्टमध्ये माझ्यापासून लांब उभी राहिली, एवढंच.

पण हेच गाव धरलेला हात सोडायचं नाव घेत नाही. होइट गेल्यावर झेल्मानं एकदा औषधांच्या दुकानातून लाल नेलपॉलिश घेतलं. संध्याकाळी तीन बायका तिच्या व्हरांड्यात चौकशीला हजर. आमच्यात चुगली कोणी करत नाही बरं का. आमच्यात चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनेला नाव देतात. सहा वर्षांपूर्वी गुरांच्या खाद्याच्या दुकानातला एक विधुर तिला दोनदा मासे खायला घेऊन गेला, तर तिची नणंद युला चर्चमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या झेल्मासाठी प्रार्थना करा. एकटेपणात माणसाचा तोल जातो. बिचारी." हा 'बिचारी' शब्द आमच्याकडच्या बायका असा काही वापरतात की समोरचा पुन्हा मान वर काढत नाही. सगळ्या चर्चनं डोळे मिटून प्रार्थना केली. तो विधुर महिनाभरात मुलीकडे फ्लोरिडाला निघून गेला. त्या वर्षी झेल्मानं नाताळचं झाड लावलं नाही.

म्हणून या खेपेला गुपित. आणि गुपित राखायची तिची युक्ती ऐकून मी तिला मनातल्या मनात सलाम ठोकला. रेफर्ड शेजारच्या वेकली गावातल्या अंत्यविधीवाल्यांकडे ड्रायव्हर. मृताच्या घरच्या माणसांना चर्चमध्ये आणि दफनभूमीत नेणारी लांब काळी गाडी तो चालवतो. आमच्या भागात कुठेही मयत झाली की तो येणारच, त्याच्याकडे कोण कशाला बघतंय? झेल्मा दोन वर्षं प्रत्येक अंत्यविधीला जात होती. ओळखीच्यांच्या, बिनओळखीच्यांच्या, एकदा तर दुसऱ्या पंथाच्या, मेथडिस्टांच्यासुद्धा. गाव म्हणायचं, काय धार्मिक बाई आहे. आणि ही बाई दफनभूमीच्या मागच्या बाजूला, गाडीच्या आडोशाला, थर्मासमधली कॉफी पीत रेफर्डशी गप्पा मारत बसलेली.

"आमची ओळख जरा दुःखात झाली, एवढंच," ती मला म्हणाली आणि खुदकन हसली.

बुधवारी सकाळी मी तिचे केस केले. तिनं गडद निळा ड्रेस घातला, कोणी बघितलंच तर संशय नको म्हणून. डोक्यावर हॅट. वेकलीची जजबाई बाराला उठून जाते, त्याआधी पोचायचं, आणि तिथून थेट रेफर्डच्या घरी. युलाला फोन संध्याकाळी, प्रार्थना आटोपल्यावर. इतकं चोख ठरलेलं. मग रेफर्ड आला आणि मी कपाळावर हात मारला. तो काळ्या गाडीतून आला होता.

"माझा ट्रक सुरूच होईना," तो हॅट हातात फिरवत म्हणाला. "मालक म्हणाले, आज ही रिकामीच आहे, घेऊन जा."

"अरे देवा, रेफर्ड," झेल्मा म्हणाली.

"मिस झेल्मा, घड्याळ बघा," मी म्हटलं. "बसा आता."

पुढच्या सीटवर तिनं केलेला नारळाचा केक ठेवला होता, म्हणून आम्ही दोघी मागे बसलो. रेफर्डनं सवयीनं दिवे लावले आणि सवयीनंच गाडी हळू काढली. तिथेच घोटाळा झाला.

समोरच्या घरचे ऑर्बी काका अंगणातलं गवत कापत होते. त्यांनी मशीन बंद केलं, टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. समोरून येणारा लाकडांचा ट्रक बाजूला घेऊन थांबला. त्याच्यामागची गाडीही थांबली. आमच्याकडे मयताला वाट न देणाऱ्याला माणूस म्हणत नाहीत.

"दिवे बंद कर," झेल्मा दातांवर दात दाबून म्हणाली.

"आता बंद केले तर जास्त दिसेल," रेफर्ड म्हणाला. त्याचा कान लाल झाला होता.

पोस्टासमोर युला उभी होती. तिनं गाडी बघितली, मागच्या सीटवर हॅट घातलेली वहिनी बघितली, आणि तिच्या हातातली पत्रं खाली पडली. झेल्मा सीटवर इतकी खाली घसरली की नुसती हॅट वर राहिली. मी मागच्या काचेतून बघितलं. युला धावत आपल्या गाडीत बसली, दिवे लावले आणि आमच्या मागे लागली.

"मागे लागली," मी म्हटलं.

"कोण?"

"नका विचारू."

आता यात युलाचा तरी काय दोष? मयतामागे एकही गाडी नसणं यासारखी नामुष्की आमच्यात दुसरी नाही. अनोळखी भिकारी गेला तरी चार जण दिवे लावून मागे जातात, माणूस एकट्यानं जाऊ नये म्हणून. बँकेच्या कोपऱ्यावर तीन गाड्या शिरल्या. पेट्रोलपंपावरून दोन. टायरवाला दुकान उघडं टाकून आला. शववाहिका पुढे गेली असेल, असं प्रत्येकानं आपापलं ठरवून टाकलं. कोण गेलं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारणार कोण? माहीत नाही म्हणजे लाज. शेवटी पोलिसांचा ड्युविट निळा दिवा फिरवत आमच्या पुढे आला आणि हात करून म्हणाला, या माझ्या मागे.

मी हसू दाबायचा प्रयत्न करत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. लोकांना वाटलं असेल, ट्रूडीच्या जवळचं कोणी गेलं.

"झेल्मा," रेफर्ड आरशात बघत म्हणाला, "दफनभूमीकडे वळवू का? तिथे जरा वेळ उभे राहू, डोळे पुसू, घरी जाऊ. लग्न पुढच्या आठवड्यात करू."

मला माहीत होतं, पुढचा आठवडा येणार नाही. युला आत्ता घरी आली, हाताला धरून बसली, रडली, की झेल्मा विरघळणार. मागच्या वेळी हेच झालं होतं. दफनभूमीचं वळण समोर दिसायला लागलं. रेफर्डनं गाडी आणखी हळू केली, आणि मागची अख्खी रांग हळू झाली.

झेल्मा सरळ बसली. हॅट नीट केली.

"सरळ चल," ती म्हणाली. "आणि थोडी जोरात. ड्युविटला म्हणावं, जजबाई बाराला उठते."

रेफर्डनं हात बाहेर काढून ड्युविटला सरळ चलायची खूण केली. वेकलीच्या कोर्टासमोर आम्ही थांबलो तेव्हा रस्ता दोन्ही बाजूंनी भरून गेला. गाड्यांची दारं उघडली, पुरुषांनी टोप्या काढल्या. कोर्ट बघून लोक बुचकळ्यात पडले. युला वाट काढत आली आणि तिनं झेल्माला गच्च धरलं. ती खरोखरच रडत होती.

"कोण गेलं गं? आणि तू एकटी निघालीस? एक फोन करायचा नाही मला? मी मेले होते का?"

"कोणी गेलं नाही, युला."

"मग?"

"मी लग्न करतेय. यांच्याशी. आत्ता." आवाज पार मागच्या टायरवाल्यापर्यंत पोचला. "आणि माझं नाव प्रार्थनेला द्यायचं असेल तर इथेच दे. या वेळी मी समोर उभी राहून ऐकते."

युलानं रेफर्डकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, पुन्हा रेफर्डकडे बघितलं.

"यातून? मयताच्या गाडीतून लग्नाला?"

"ट्रक सुरू झाला नाही, मॅडम," रेफर्ड म्हणाला.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पण युला हसली नाही. तिचा चेहरा असा काही उतरला की माझाही राग क्षणभर पळाला. ती हळू आवाजात म्हणाली, "तू होइटची राहिली नाहीस, तर त्याची म्हणून मी एकटीच उरते, झेल्मा. त्याच्याबद्दल मी बोलू कोणाशी?"

बारा वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. प्रार्थना, चौकश्या, ते 'बिचारी', सगळं याच्यासाठी होतं तर. झेल्मानं तिचे डोळे आपल्या रुमालानं पुसले.

"माझ्याशीच बोल. मी त्याला विसरायला नाही चाललेय. चल आत, उशीर होतोय."

जजबाई म्हणाली की इतकी माणसं तिनं निवडणुकीलाही बघितली नाहीत. कोणाची काही हरकत आहे का, असं तिनं विचारलं तेव्हा सगळ्या माना युलाकडे वळल्या. युलानं नाक पुसलं आणि म्हणाली, "आटपा लवकर. गावात बायकांनी एव्हाना चिकन तळायला घेतलं असेल." खरंच घेतलं होतं. काळी गाडी दिसली की आमच्याकडे आधी चूल पेटते, मग चौकशी.

बाहेर आल्यावर टाळ्या, शिट्ट्या, हॉर्न, नुसता कल्ला. ऑर्बी काकांनी टोपी हवेत उडवली ती कोर्टाच्या छपरावर जाऊन बसली. आम्ही गाडीत बसलो. गाव आपापल्या गाड्यांत दिवे लावून तयार. ड्युविट खिडकीशी वाकला.

"मिस झेल्मा, कुठे न्यायचं?"

साधाच प्रश्न, पण तिला तो गेल्या बारा वर्षांत गावातल्या कोणी विचारला नव्हता. तिनं उत्तर द्यायला चांगला वेळ घेतला. मला वाटतं, तिला तो प्रश्न जरा ऐकत बसायचं होतं.

"आधी घरी, जेवायला. सगळ्यांनी या," ती म्हणाली. "मग आम्ही वेकलीला, यांच्या घरी. तिथे मात्र मागे एकही गाडी नको."

"हो, मॅडम."

युला अजून दाराशी उभी होती, हातात पर्स घट्ट धरून. "आणि मी? मी कधी येऊ?"

"कधीही ये," झेल्मा म्हणाली. "फक्त फोन करून ये."

आमच्या गावात कोणी कोणाकडे फोन करून जात नाही. फोन परक्यांनी करायचा असतो. युलानं पर्स उघडली, आतून पेन काढलं, आपला तळहात पुढे केला आणि रेफर्डला म्हणाली, "सांगा नंबर."