उद्याचं तापमान

शाळेत मला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं, एक कंपासपेटी. त्या हस्ताक्षराचा पुढे आयुष्यात एकच उपयोग झाला, आणि त्यापायी एकोणीस बाळांना दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागली.

भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं सरकारी आरोग्य केंद्र आहे. तिथली औषधं आणि लशी सांभाळायचं काम माझ्याकडे. लशींचा फ्रिज घरातल्या फ्रिजसारखा उभा नसतो. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा आडवा, झाकणाचा. आत घड्याळासारखी तबकडी असलेला थर्मामीटर ठेवलेला असतो. काटा दोन ते आठच्या मध्ये राहिला पाहिजे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा झाकण उघडायचं, काटा बघायचा, भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहायचा आणि सही करायची. चौथीतल्या पोराला जमेल असं काम.

पूर्वी हे काम एक यंत्र करायचं. ते बिघडलं आणि दुरुस्तीला गेलं. जाताना वरून निरोप आला, 'तोवर हाताने लिहा.' यंत्राला सहा महिने झाले तरी परत यायची इच्छा दिसेना. मी हाताने लिहीत राहिलो.

म्हणजे पहिले आठ दिवस काटा बघून लिहीत राहिलो. काटा रोज चार नाहीतर पाच. नवव्या दिवशी वाटलं, जे आपल्याला आधीच माहीत आहे ते बघायला कशाला वाकायचं, कमरेचा प्रश्न आहे. मग शनिवारी बसून आठवड्याचं एकदम लिहायला लागलो. पुढे तर महिन्याच्या एक तारखेलाच अख्खा महिना. पण मी काही सरळ चार-पाच, चार-पाच लिहिणारा अरसिक माणूस नव्हे. दुपारी ऊन वाढतं म्हणून संध्याकाळी सहा. रविवारी झाकण उघडत नाहीत म्हणून सोमवारी सकाळी तीन. मध्येच एक सात, म्हणजे वाचणाऱ्याच्या काळजात जरा चर्र व्हावं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. तक्ता बघून फ्रिज आपल्याशी बोलतोय असं वाटायचं.

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला वरच्या कार्यालयातल्या मॅडम अचानक तपासणीला आल्या. डॉक्टर, बारीक चणीच्या, आवाज न चढवणाऱ्या. चहा नको म्हणाल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं. सरळ तक्त्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अक्षर छान आहे हो तुमचं."

"लहानपणापासून," मी म्हणालो. गाढवासारखा लाजलोसुद्धा.

"आज संध्याकाळी सहा डिग्री असणार आहे का?"

मी तक्त्याकडे पाहिलं. आजच्या संध्याकाळच्या चौकटीत सहा होते. खाली माझी सही. उद्या सकाळी चार, सही. परवाचं, तेरवाचं, थेट तीस तारखेपर्यंतचं तापमान माझ्या बक्षीसपात्र अक्षरात लिहिलेलं होतं. दर महिन्याला मी उरलेला भाग रजिस्टरच्या कागदाने झाकायचो. त्या दिवशी पंख्याने तो कागद उडवून कोपऱ्यात नेला होता.

हवामान खात्यालाही इतक्या पुढचं येत नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फ्रिजचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि बोटाने मला जवळ बोलावलं.

काटा शून्याच्या खाली होता. उणे दोन.

लस म्हणजे आइस्क्रीम नव्हे, जितकी गार तितकी चांगली असं नसतं. उष्णतेने काही लशी मरतात तशा गोठल्याने काही मरतात. दीड महिन्यापासूनच्या बाळांना देतात ती पाच रोगांवरची एकत्र लस, आम्ही तिला पेंटा म्हणतो, ती एकदा गोठली की संपली. पुन्हा वितळवली तरी दिसायला लस, आत नुसतं पाणी. हे सगळं मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. दुपारच्या जेवणानंतरचा तास होता, आणि जेवणात श्रीखंड होतं.

मॅडमनी एक बाटली वितळवून हलवली आणि टेबलावर ठेवली. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. तिसऱ्या म्हणजे आमच्या सिस्टर. मालवणच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, केंद्रातली प्रत्येक सुई त्यांच्याच हातची. चांगली लस हलवली की दुधासारखी सारखी दिसते आणि बराच वेळ तशीच राहते. या बाटलीत बघता बघता पांढरे कण तळाशी बसले आणि वर नितळ पाणी उरलं.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

कधीपासून, ते सांगायलाच तर तो तक्ता होता. आणि तक्त्यात फ्रिज अगदी ठणठणीत होता, महिनाअखेरपर्यंत.

"गारवा कमी-जास्त करायचा खटका शेवटाला फिरवलाय. कोणी?"

मीच. उन्हाळ्यात दोनदा, एकदा दोन महिन्यांपूर्वी आणि एकदा आदल्याच आठवड्यात, तीन-तीन तास वीज गेली होती. वीज आली की थोडा गारवा जमा करून ठेवावा या सद्हेतूने दोन्ही वेळा मी खटका शेवटापर्यंत फिरवला होता. पहिल्यांदा फिरवून परत जागेवर आणला की नाही, ते आठवेना. दुसऱ्यांदा आणला नाही, ते समोरच दिसत होतं.

"म्हणजे दोन महिन्यांतली सगळी बाळं संशयात," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना परत बोलवावं लागेल."

सिस्टर खुर्चीवर बसल्या. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. दोन महिन्यांतली बाळं म्हणजे शंभराच्या वर. त्यांतल्या निम्म्या आयांना सिस्टरनी डोंगर चढून, दारात बसून, सासवांच्या शिव्या खाऊन आणलेलं. त्यांना आता सांगायचं की ती सुई फुकट गेली. त्या परत आल्या नाहीत तर? आणि ज्या रोगांसाठी सुई, त्यांतला एखादा त्या वस्तीत शिरला तर?

तेव्हा मला ताक आठवलं.

लशींच्या फ्रिजमध्ये खाण्यापिण्याचं काही ठेवायचं नाही, असं झाकणावर ठळक अक्षरात लिहिलेलं आहे. मीच लिहिलंय, सुंदर अक्षरात. आणि त्याच झाकणाखाली गेला अख्खा उन्हाळा माझी ताकाची बाटली असायची. ती रोज दुपारी मी प्यायचो. एके दिवशी ती दगड झाली होती. मी चमच्याने खरवडून खाल्ली आणि सिस्टरना म्हणालो होतो, "आज फ्रिज झकास चाललाय." दुसऱ्या दिवसापासून दातांच्या भीतीने ताक आणणं सोडलं.

"तो बुधवार होता," सिस्टर हळूच म्हणाल्या. "कालचो नाय, त्याच्या आधलो. गर्दी होती, तू तीनला जेवलास. आदल्या दिवशी मीच प्यायले होते त्यातलं अर्धं. पातळ होतं."

त्यासुद्धा प्यायच्या, ही बातमी मला त्या क्षणी कळली. पण बोलायची सोय नव्हती.

मॅडमनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अख्ख्या केंद्रात एकच नोंद खरी निघाली, आणि ती ताकाची. मी अहवालात काय लिहू ते सांगा."

त्यांनी लिहिलं. मला कारणे दाखवा नोटीसही आली, त्यात 'अनधिकृत पेय' असे शब्द होते. पण ताकामुळे हिशेब लागला. मंगळवारपर्यंत फ्रिज ठीक होता. बुधवारी लसीकरण असतं, त्यामुळे दोन बुधवारची बाळं. नावं काढली. पेंटा मिळालेली एकोणीस.

त्याच गुरुवारी संध्याकाळी आणखी एक गोष्ट आठवली. वाकोल्याच्या एका केंद्रात माझ्यासारखंच काम करणारा माझा दोस्त आहे. त्यांचंही यंत्र दुरुस्तीला. तो दर महिन्याला माझ्याकडून तक्त्याचा फोटो मागवायचा. मला वाटायचं, अक्षर आवडतं. मी फोन लावला.

"यार, तू तुझ्या फ्रिजचा काटा रोज बघतोस ना?"

"तू बघतोस ना," तो म्हणाला. "मग झालं तर."

"मी नाही बघत."

"नाही म्हणजे काय रे? मी तुझा तक्ता उतरवतो. एक-दोन ठिकाणी अर्धी डिग्री इकडेतिकडे करतो, तेवढंच."

म्हणजे वाकोल्याचा फ्रिज महिनोन्‌महिने भांडुपच्या तापमानावर चालला होता, आणि भांडुपचं तापमान माझ्या डोक्यात तयार होत होतं. तो फोन चालू ठेवूनच फ्रिजकडे पळाला. झाकण उघडल्याचा आवाज आला. "पाच," तो म्हणाला, आणि मग शिव्या दिल्या, आधी मला आणि मग स्वतःला. मी जमिनीवर बसून सगळ्या ऐकल्या. कुठल्या तरी कारखान्यातून ती लस निघते. विमानात, गाडीत, बर्फाच्या पेटीत, दर टप्प्यावर कोणीतरी अनोळखी माणूस काटा बघतो आणि पुढच्याच्या हवाली करतो. शेवटचा टप्पा माझा. माझ्या खुर्चीपासून फ्रिजपर्यंत आठ पावलं आहेत.

शुक्रवारी नवी लस आली. शनिवारी मी आणि सिस्टर डोंगर चढायला लागलो. वाटेत मी एक कल्पना मांडली. "सिस्टर, असं सांगू या, की सरकारने एक जादा डोस दिलाय. योजना आहे म्हणून."

सिस्टर थांबल्या. पदराने घाम पुसला. "मेल्या, अजून तुका पुरा नाय झाला? उद्या त्यांच्या पोरांच्या कार्डावर पण तूच मनाचं लिही." आणि पुढे चालायला लागल्या. म्हणून खरं सांगायचं ठरलं, आणि मीच सांगायचं ठरलं.

अठरा घरांनी ऐकून घेतलं. कोणी दार आपटलं, एका बापाने मला मोबाइलवर चित्रित केलं, एका आईने पाणी दिलं आणि मग रडली. पण 'बुधवारी येतो' म्हणाले. एकोणिसाव्या घरी मात्र आजीच दारात बसली होती. सून आत, बाळ आजीच्या मांडीवर. सुईनंतर त्या बाळाला दोन दिवस ताप होता. आधी या आजीला तयार करायला सिस्टरना चार खेपा झालेल्या.

मी सगळं सांगितलं. आजीने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तू काटो बघलंसच नाय?"

"नाही."

"मगे लिवलंस काय?"

"मनाला येईल ते."

"आमच्या गिरणीत तुझ्यासारखो एक मुकादम होतो," आजी म्हणाली. "माणूस गावाक, हजेरी गिरणीत." मग नातवाच्या कपाळावर हात ठेवून तिने विचारलं, "ह्येका ताप इलो, तो तरी खरो होतो मां?"

"खरा होता."

"ताप खरो, सुई खोटी." आजीने तोंड फिरवलं. "जावा तुमी. नाय येवचंय आमका."

सिस्टर तिथेच उंबऱ्याशी बसल्या. त्यांनी समजावलं नाही, वाद घातला नाही. "माझा हात होता ना तो, आजी," एवढंच म्हणाल्या. आम्ही निघालो तेव्हा सून दाराआडून बघत होती.

बुधवारी अकरापर्यंत अठरा आली. बारा वाजले, एक वाजला. एकोणिसाव्या बाळाची बाटली बर्फाच्या पेटीत तशीच. सिस्टर दर पाच मिनिटांनी फाटकाकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. मला राहून राहून त्या बाळाचं कपाळ दिसत होतं. तक्त्यावर कितीही गिरवलं तरी त्याच्या कार्डावरच्या त्या एका चौकटीत मला मनाचं काही लिहिता येणार नव्हतं.

दीडला आजी आली. मागे सून, कडेवर बाळ. सून खाली बघत होती, पण आजीला वळवायला घरात जे काही झालं असेल ते बहुतेक तिनेच केलं असावं.

"पयला माका ता घड्याळ दाखव," आजी मला म्हणाली.

मी झाकण उघडलं. आजी कमरेत वाकली, डोळे बारीक केले, आणखी वाकली. मग सरळ झाली.

"चष्मो घराक रवलो," ती म्हणाली. "तूच वाच. पण खरा वाच."

मी आत डोकं घातलं. इतकी वर्षं हे काम करतोय, पण काटा असा कधी वाचला नव्हता. मी दोनदा पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा एकदा पाहिलं.

"चार आणि पाचच्या मध्ये. पाचाच्या जवळ."

"नक्की सांग."

"नक्की असं एवढंच दिसतंय, आजी."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मागून सिस्टर म्हणाल्या, "झाकण मिट रे, गार जाता." मी झाकण मिटलं. आजीने सुनेच्या कडेवरून नातवाला घेतलं, त्याचा पाय चड्डीतून मोकळा केला आणि सिस्टरच्या पुढ्यात बसली.

"टोच," ती म्हणाली. "आणि आज रात्री ताप इलो, तर ह्येका फोन करतलंय." ह्येका म्हणजे मला.