बाबांनी लावलेली टेप

मंडळी, आज सकाळी मी माह्या बापाले मित्रासमोर गाढव ठरवलं. ऐका.

माहं काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं. महिनाभरापासून कॉम्प्युटर साध्या कामाले बरा चालायचा, पण मोठा व्हिडिओ बनवाले लावला का दहा मिनिटांत धप्पकन बंद. विंडोज नवी टाकली, रॅम बदलली. लहान भाऊ गेम खेळते म्हणून त्याले शिव्याही घातल्या.

आज वैशाली नगरातून मित्र आला. त्यानं कॉम्प्युटरचा डबा फिरवून पाहिला अन् हसालेच लागला. मागच्या सगळ्या जाळ्या टेपनं बंद! गरम हवा निघाले जागाच नाही.

टेप बाबांनी लावली होती. बाबा प्लांटात इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर आहेत. म्हणे, "आपल्या या मरोदा वस्तीत धूळ किती आहे! आमी पॅनल असेच सील करत होतो."

मी म्हटलं, "तुमच्या भरवशावर प्लांट चालला कसा, हेच नवल. आजपासून घरातल्या कोणत्याच मशीनले हात लावू नका."

 बाबा खाली बसले अन् नखानं एक एक पट्टी काढली, सरळ, कुठं न फाडता.

तवापासून कॉम्प्युटर मस्त चालून राहिला. आख्खं लग्न निघालं, एकदाही बंद नाही.

आत्ता दुपारी बाबा घामाघूम होऊन माह्या दारात आले. मले म्हणे, "बेटा, बैठकीतला पंखा लावू का?"

या घराची सारी वायरिंग त्यांनीच केलेली आहे. बाबा अजून दारातच उभे आहेत. काय उत्तर देऊ, सांगा.