ब्रँडिश सरांची छत्री

छत्रीचा मार कुणालाच लागला नव्हता, तरी मी बातमीत 'बेदम मारहाण' असं लिहिलं. ज्यांच्याविरुद्ध लिहिलं, त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं होतं.

जळकोटच्या शाळेत त्यांना सगळे ब्रँडिश सर म्हणत. ऐन दुष्काळात छत्री घेऊन हिंडणारा गावातला हा एकमेव माणूस. कुणी हसलं की म्हणायचे, "ढगाला दिसाया पायजे, कुणीतरी वाट बघून राहिलंय."

या छत्रीनंच ते क्रियापदं शिकवत. एकदा त्यांनी ती सपकन फिरवून माझ्या कानाजवळ आणून थांबवली.

"लागलं का?"

"न्हाई सर."

"मंग हे ब्रँडिश. आपल्यात तलवार परजणं म्हणत्यात, तेच. लागलं आसतं तर त्याला दुसरं क्रियापद."

शब्दाचं कूळही ते सांगत. "ब्रँड म्हंजे जुन्या काळी जळतं लाकूड. आपलं कोलीत. तलवारीचं पातं तसंच चमकतं, म्हणून तलवारबी ब्रँड. ती हालवून दाखवायचं क्रियापद फ्रेंचांनी केलं, इंग्रजांनी उचललं. निजाम गेला आन् तहसील हितंच राह्यली ना? तसंच."

पुढं मी नांदेडच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर झालो. पगार नव्हता, ओळखपत्र होतं. पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा शाळेच्या हौदात टँकर रिकामा व्हायचा. बायामाणसं सकाळीच घागरी रांगेत मांडून कामाला जायची. नंबर घागरीचा, माणसाचा नाही. सरांच्या घरची घागरही नंबरानंच, कधी सदतिसावीसुद्धा असे. एके दिवशी मी ओळखपत्र खिशाला लावून माझी घागर शेवटून उचलली आणि तिसरी ठेवली. माझं बघून आणखी चौघांनी तेच केलं. घागरींवर घागरी आदळल्या, शिव्या सुरू झाल्या. सर हौदाच्या ओट्यावर चढले, छत्री परजली आणि ओरडले, "घागरी जागच्या जागी!" गर्दी मागं सरली. माझी घागर पुन्हा शेवटी गेली. घरी पोचेपर्यंत त्या रागाची बातमी झाली होती.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. कचेऱ्या नव्या, त्यामुळे चौकशीचा उत्साहही नवा. बातमी छापून आली आणि आठवड्यात शिक्षणाधिकारी साहेबांची जीप आली. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि साहेबांच्या तोंडी निलंबनाची भाषा होती. साक्षीदार म्हणून मलाच बोलावलं. साहेबांसमोर पाण्याचा भरलेला पेला होता. तो तेवढा दिसत होता.

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, मी काय केलं ते ह्यालाच दाखवू द्या. बातमी ह्याचीच हाय." त्यांनी छत्री माझ्या हातात दिली.

मी जीव तोडून फिरवून दाखवलं. पेला उडाला. साहेबांची विजार भिजली, फायलीही भिजल्या.

"ही मारहाण," सर म्हणाले. "मी केलं ते निस्तं परजणं. माझं कुणाला लागलं का, ते इचारा ह्याला."

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "आन् घागर पुढं मीच सरकवली होती."

साहेब आधी विजारीकडं बघत राहिले, मग हसले. अहवालात काय लिहिलं ते कळलं नाही, पण सर त्याच शाळेतून सन्मानानं निवृत्त झाले. निरोप समारंभात मी भाषण केलं. मला पाण्याच्या पेल्यापासून आणि पहिल्या रांगेपासून लांब उभं केलं होतं.

अजूनही 'मारहाण' लिहिण्याआधी माझा हात थबकतो आणि कानाजवळ प्रश्न येतो, "लागलं का?" त्यामुळे माझ्या पुष्कळ बातम्या चार ओळींतच संपल्या. तक्रार नाही.

सर नंतर मुलीकडं नांदेडला राहायला गेले. परवा मी पेढे घेऊन भेटायला गेलो. छत्री दाराआड उभीच होती.

"सर, इतकी वर्षं दुसऱ्याच्या पेपरात लिहिलं. आता माझं स्वतःचं साप्ताहिक निघालंय."

सरांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला.

"म्हंजे कोलीत आता माकडाच्याच मालकीचं झालं म्हण की."